मे महिन्यातील रिकाम्या शाळा

एप्रिल सरत आला, की निवासी कलाशिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. नाट्य, नृत्य, चित्रकला, मातीकाम, बासरी, कथाकथन. मुक्काम आठ ते पंधरा दिवसांचा. वयोगट आठ ते सोळा. स्थळ एखाद्या नदीकाठचे वा डोंगरउतारावरचे. शुल्काचा आकडा तळाशी बारीक टाईपात असतो. नेमक्या याच सुमारास बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या वेशीवर मालमोटारी आणि ट्रॅक्टर येऊन थांबलेले असतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपलेला असतो आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात ऊस तोडून माणसे घरी परतलेली असतात. मालमोटारीतून पेटी उतरते, भांडी उतरतात, शेळी उतरते, मग मुले उतरतात. या मुलांचा आणि त्या जाहिरातींचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी आलेले नाही. आपल्याही नाही.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी काहींना हा विषयच गैरलागू वाटेल, याची मला कल्पना आहे. ऊसतोड कामगारांचा प्रश्न म्हटला की तोडणीचा दर, उचल, विमा, मुकादमाची मनमानी हे मुद्दे डोळ्यांपुढे येतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण विधिमंडळात गाजले. एवढे सगळे समोर असताना मुलांच्या नाचगाण्याचे काय घेऊन बसलात, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मी हसण्यावारी नेणार नाही. कारण अनेक वर्षे तो मी स्वतःच घेत आलो आहे. भाकरी आधी, हे खरेच आहे. परंतु मुलाचे वय भाकरीचा लढा संपेपर्यंत थांबून राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ पदरात पडली. त्या वर्षी नऊ वर्षांची असलेली मुलगी तीन वर्षांनी पुन्हा दर ठरवण्याची वेळ येईपर्यंत बारा वर्षांची होते, आणि त्या पट्ट्यात तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. जोडपे म्हणजे एक कोयता. कोयता झाला की स्वतंत्र उचल मिळते. तिच्या हातात बालपणाचे जे काही महिने उरतात, ते मोजके आहेत.

आणि ते महिने कसे जातात तेही पाहिले पाहिजे. हंगामात ही मुले उसाच्या फडालगतच्या कोप्यांत राहतात. आईबाप पहाटेच्या अंधारात तोडीवर जातात, आणि आठ-दहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन चूल सांभाळते, पाणी आणते, दुपारी फडात जाऊन वाढे गोळा करू लागते. काहींना साखरशाळा लाभते, काही हंगामी वसतिगृहांच्या वा आजी-आजोबांच्या आधाराने गावातच राहतात. पण पुष्कळांची शाळा दिवाळीनंतर सुटते ती सुटतेच. हंगाम संपवून मूल गावी येते तेव्हा वार्षिक परीक्षा उंबरठ्यावर आलेली असते किंवा होऊन गेलेली असते. मग सुट्टी लागते, शाळेला कुलूप पडते. म्हणजे वर्षभरात जेव्हा हे मूल आपल्या घरी आणि मोकळे असते, नेमके तेव्हाच गावातील शाळा, तिच्या खोल्या, तिचे पटांगण, तिचा फळा, सारे बंद असते. उलट ज्या मुलाला दहा महिने अखंड शाळा मिळाली, त्याच्या सुट्टीसाठी शहरात दहा शिबिरे तयार असतात. विषमता केवळ उत्पन्नातच असते असे नाही. ती दिनदर्शिकेतही असते.

निवासी शिबिर आणि दोन तासांचा छंदवर्ग यांत मूलभूत फरक आहे, आणि तो कलेचा नव्हे, निवासाचा आहे. चित्रकलेच्या वर्गात मूल घरून येते आणि घरी जाते. त्याची जात, त्याच्या घरचे भाडे, त्याच्या डब्यातील पदार्थ त्याच्याबरोबर येतात आणि त्याच्याबरोबर परत जातात. निवासी शिबिरात तसे चालत नाही. तेथे एका पंगतीत बसावे लागते, दुसऱ्याने वाढलेले जेवावे लागते, ताटे घासावी लागतात, संडास धुण्याची पाळी येते, रात्री घराची आठवण येऊन रडणाऱ्या अनोळखी मुलाशेजारी झोपावे लागते. सकाळी त्याच मुलाबरोबर नाटकात उभे राहायचे असते. आठ दिवस अशा तऱ्हेने एकत्र काढल्यावर कलेतून जे निघते, ते वर्गात कधी निघत नाही. मात्र याला एक अट आहे. मुले खरोखरच भिन्न घरांतून आलेली असली पाहिजेत. शुल्काच्या चाळणीतून एकाच थरातील मुले आत आली, तर पंगत कसली आणि संडाससफाई कसली! तो केवळ वसाहतीतील शेजाऱ्यांचा मुक्काम बदलतो.

हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको होते. जून १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल उभे राहिले, एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख झाले, आणि शाखा व शिबिरे यांच्या जोडीला कलापथक आले. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी ते घडविले, पु. ल. देशपांडे यांनी त्याच्यासाठी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहिले. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराची दारे दलितांना खुली व्हावीत म्हणून उपोषण आरंभिले. त्यापूर्वी ते कित्येक महिने महाराष्ट्रभर हिंडत होते, आणि कलापथक त्यांच्या सोबत होते. पुढे याच वातावरणातून कोण कोण आले पाहा. पुण्यात माळीकाम करणारे निळू फुले, न्हाव्याच्या धंद्यातून आलेले राम नगरकर, नायगावच्या चाळीत वाढलेले दादा कोंडके. त्यांच्याजवळ ना शुल्क होते ना ओळखपाळख. कोणीतरी त्यांना शाखेवर आणि तालमीला बोलावले, एवढेच घडले. स्मिता पाटीलही लहानपणी याच परंपरेच्या सहवासात वाढली, ही गोष्ट तिच्या चित्रपटांवर लिहिणारे बहुधा एका वाक्यात उरकतात.

या नावांचा जप आपण फार करतो. प्रत्येक वर्धापनदिनी करतो. तो ऐकताना अलीकडे मला थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण जप करणाऱ्यांपैकी कितीजणांच्या तालुक्यात या उन्हाळ्यात एक तरी निवासी शिबिर भरले, हा प्रश्न विचारण्याची सोय नसते.

निवासी कलाशिबिराची कल्पना जगात अन्यत्र कशी वाढली, तेही थोडे पाहू. त्यात आपल्याला उपयोगी पडणारा एक वाद दडलेला आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात इंटरलॉकेन येथे १९२८ साली जो मॅडी या संगीतशिक्षकाने शालेय वादकांचे उन्हाळी शिबिर सुरू केले. सरोवराकाठी, झाडीत, आठवडेच्या आठवडे मुले एकत्र राहून वाद्यवृंदात वाजवीत. गरीब-श्रीमंत हा भेद कपड्यांवरून दिसू नये म्हणून सर्वांना एकच निळा गणवेश. ही गोष्ट चांगलीच म्हणावयास हवी. परंतु त्याच शिबिरात वाद्यवृंदातील वरच्या जागेसाठी मुलांनी दर आठवड्याला एकमेकांना आव्हान द्यावयाचे, हीही प्रथा होती. गणवेशाने झाकलेली स्पर्धा खुर्चीच्या रांगेतून बाहेर आली! मात्र मला सांगावयाचे आहे ते वेगळेच. या मुलांचे वादन रेडिओवरून देशभर ऐकविले जाऊ लागले, तेव्हा १९४२ मध्ये वादकांच्या कामगार संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी ते प्रक्षेपण बंद पाडले. वर्तमानपत्रांनी पेट्रिलोंना मुलांचा शत्रू ठरविले. त्यांची रीत दांडगाईची होती यात शंका नाही. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता: मुलांकडून फुकट वाजवून घेतलेले संगीत जेथे चालते, तेथे वाजवून पोट भरणाऱ्याने काय करावे?

हा प्रश्न आपल्या अंगणातही आहे, केवळ उलट्या बाजूने. आपल्याकडे मुलांनी कलावंताची भाकरी काढून घेतलेली नाही. आपण शिबिरवाल्यांनी ती कधी दिलेलीच नाही. शिबिराला शाहिरांना बोलवावे, गोंधळी बोलवावेत, संबळ नि तुणतुणे मुलांच्या हाती द्यावे, असे आपण म्हणतो. शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि टाळ्या देऊन कलावंताची बोळवण करतो. चित्रकलेच्या शहरी शिक्षकाला मात्र पाकीट मिळते. ही जातिव्यवस्थाच आहे, तिला दुसरे नाव देण्यात अर्थ नाही.

वास्तविक मे महिन्याचे गणित कलावंतांच्या बाजूनेही जुळण्यासारखे आहे. तमाशाचे फड विजयादशमीच्या सुमारास बाहेर पडतात, चैत्र-वैशाखातील गावजत्रांवर त्यांचे वर्ष तरते, नारायणगावच्या राहुट्यांतून सुपाऱ्या ठरतात, आणि वैशाखी पौर्णिमेच्या आसपास तंबू उतरतात. त्यानंतर दसऱ्यापर्यंत ढोलकीवाला, सोंगाड्या, गाणारी बाई यांना काम नसते. अनेकजण मजुरीला जातात, कर्ज काढतात. कोकणातील दशावताराचा रंगमंचही पावसाच्या तोंडावर आवरला जातो. म्हणजे मेच्या उत्तरार्धात एकीकडे कुलूप लावलेल्या शाळा, दुसरीकडे हंगाम संपलेले कलावंत आणि तिसरीकडे हंगाम संपवून आलेली मुले, असे तिघे एकाच वेळी रिकामे असतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना चित्रकथीची परंपरा जपल्याबद्दल २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सर्वांनी अभिनंदनाचे ठराव केले. एका ठरावाच्या जागी एका चित्रकथी कलावंताला आठ दिवसांचे मानधन ठरवून बोलावले असते, तर बरे झाले असते.

येथवर मी दुसऱ्यांना दोष दिला. आता स्वतःकडे वळतो, कारण या लेखाला जे कारण घडले ते सांगितल्यावाचून बाकीचे अर्धवट राहील.

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातील एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही आठ दिवसांचे असे शिबिर घेतले होते. पन्नासेक मुले होती. निम्मी ऊसतोड कामगारांची, उरलेली शिक्षक, शेतकरी, दुकानदार यांच्या घरची. पहिले दोन दिवस पंगतीत मुले आपापल्या आळीप्रमाणे बसली, तिसऱ्या दिवशी बसेनाशी झाली. आम्ही खूश होतो. समारोपाच्या नाटिकांसाठी आम्ही विषय दिला, वृक्षसंवर्धन. सहा गटांनी झाडे लावली. सातव्या गटाने झाडे बाजूला ठेवली आणि आपल्या मनाने भलतेच नाटक बसविले. त्यातील तेरा वर्षांची मुलगी मुकादम झाली होती. खांद्यावर टॉवेल, हातात उसाच्या पाचटाची घडी करून केलेली वही. समोर एक बाई तापाने फणफणलेली. ती एक दिवस कोपीत पडून राहू द्या म्हणते, आणि मुकादम न रागावता, अगदी समजुतीच्या सुरात, खाड्याचे पैसे उचलीत मांडतो. तालमीच्या वेळी आम्ही शहाणीसुरती माणसे गप्प झालो. इतका संयमित खलनायक मी व्यावसायिक रंगभूमीवर क्वचित पाहिला आहे.

त्या रात्री आमची बैठक झाली. शिबिराला लागणारी ज्वारी आणि पाण्याचा एक टँकर गावातील ज्या सद्गृहस्थांनी दिला होता, ते स्वतः मुकादम होते आणि समारोपाला पहिल्या रांगेत बसणार होते. शिवाय एक सहकारी म्हणाला की पुढच्या महिन्यांत याच मुलांच्या आईबापांना याच माणसाकडून उचल घ्यावयाची आहे. नाटकाची किंमत त्यांनी का मोजावी? हा मुद्दा खरा होता. आजही मला तो खरा वाटतो. पण त्या रात्री हा खरा मुद्दा आम्ही टँकरच्या मुद्द्यावर पांघरूण म्हणून वापरला. नाटिका वगळण्याचा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत माझा हात होता. मुलांना विचारले नाही, आईबापांना विचारले नाही. सकाळी सांगून मोकळे झालो. मुलगी काही बोलली नाही. समारोपाला ती दुसऱ्या गटात झाड होऊन उभी राहिली, आणि उभे राहावयाचे ते काम तिने उत्तम केले.

'पुढारी पाहिजे'मध्ये पुढाऱ्यांची टर उडविणाऱ्या परंपरेचे आम्ही वारस! त्या रात्रीपासून मला वाटू लागले आहे की आपल्या शिबिरांचा मूळ दोष पैशाच्या अभावात नाही. मुलांनी कलेतून काय म्हणावयाचे, ते आपण आधीच लिहून आणतो. कधी ते राष्ट्रीय एकात्मता असते, कधी वृक्षसंवर्धन, कधी अंधश्रद्धा निर्मूलन. विषय सगळे चांगले, पण ते आपले. जाहिरातीतील महागड्या शिबिरात मुलाला ग्राहक समजतात, आपण त्याला ध्वनिक्षेपक समजतो. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साहाय्याने 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, तेव्हा त्याचे सूत्र नेमके उलट होते: वस्तीतील मुलांनी आपल्याच जगण्यातून नाटिका रचाव्यात, लेखकाने हाती संहिता देऊ नये. मतकरी २०२० साली गेले. मराठी बालनाट्यासाठी हयात घालविलेल्या आणि संहिता लिहिण्यात हातखंडा असलेल्या माणसाने मुलांसमोर आपली लेखणी खाली ठेवावी, याचा अर्थ आपण अजून नीट समजून घेतलेला नाही.

मग त्या नाटिकेचे काय करावयास हवे होते? मला आज असे वाटते की ती गावापुढे नव्हे, पण पालकांपुढे, दारे लावून, त्यांना विचारून दाखवावयास हवी होती. आईबापांनी नको म्हटले असते तर तो त्यांचा निर्णय झाला असता. आणि टँकर त्या गृहस्थांकडून घ्यावयासच नको होता. शिबिराचा पैसा कोठून येतो, यावर शिबिरात काय बोलता येईल हे ठरते. हे साधे अर्थशास्त्र आपण कारखान्याला लावतो, स्वतःला लावीत नाही.

पैशाविषयी थोडे. तोडणीचा दर वाढल्यानंतरही टनाला साडेतीनशे रुपयांच्या थोडा पुढे आहे, आणि एक जोडी दिवसाला साधारणतः दीड-दोन टन तोडते. एखाद्या निवासी शिबिराचे शुल्क दहा हजार धरले, तर ती दोन माणसांची जवळपास दोन आठवड्यांची मजुरी होते. तेव्हा सवलतीच्या दराची भाषा येथे निरुपयोगी आहे. आपले शिबिर विनाशुल्कच असले पाहिजे. मात्र पूर्णपणे देणग्यांवरही नको. प्रत्येक घराने पायलीभर ज्वारी अथवा मूठभर डाळ द्यावी. त्यात पालक शिबिराचे भागीदार होतात आणि मुकादमाच्या पोत्याची गरज उरत नाही. शिक्षक-कार्यकर्त्यांनी एका दिवसाचा पगार दिला तरी कलावंतांचे मानधन सुटते. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची ती घोषणा होती. जेथे ती चालू आहेत, तेथे मे महिन्यात त्या इमारती शिबिरांना मिळाव्यात, ही मागणी लावून धरता येईल.

अडचणी खऱ्या आहेत, आणि पहिली अडचण पाण्याची. मराठवाड्यात मे महिन्यात पन्नास मुलांच्या आंघोळीचे पाणी ही चैन असते. ज्या गावी विहिरीला वा बोअरला पाणी आहे तेच गाव निवडावे; नाही तर मुलांना कोकणात आणावे. रायगड जिल्ह्यातील वडघर येथे साने गुरुजींचे स्मारक आहे, आणि बीडच्या मुलाने समुद्र पाहणे हेही कलाशिक्षणच आहे. दुसरी बाब मुलींची. मुली आल्या नाहीत तर शिबिर घेऊ नये, आणि मुक्कामी स्त्री-कार्यकर्त्या नसतील तर मुलींना बोलावू नये. झोपण्याची वेगळी व्यवस्था, रात्रीचा पहारा, मुलांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२च्या कायद्याची प्रत्येक कार्यकर्त्याला माहिती, यांत 'आपल्यातलाच आहे' अशी सबब चालवून घेऊ नये. अशा सबबींनी आपल्याच चळवळीतील अनेक ठिकाणी मुलींनी काय सोसले, ते आपण जाणतो.

रायगड-ठाण्यातील कातकरी मुलांना मात्र हे वेळापत्रक लागू पडत नाही. त्यांचे आईबाप वीटभट्टीवर असतात, आणि भट्टी पावसापर्यंत पेटलेली राहते. त्यांच्यासाठी शिबिर भट्टीपाशी न्यावे लागेल, किंवा स्थलांतरापूर्वी, दिवाळीच्या आधी घ्यावे लागेल. त्याचा विचार तेथील साथींनी करावा आणि लिहून कळवावे.

बाकी कामे कारकुनी स्वरूपाची आहेत, आणि ती वेळेवर न झाल्यानेच बहुतेक शिबिरे बारगळतात. शाळेच्या खोल्या मिळण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा लागतो. मार्चनंतर मुख्याध्यापक परीक्षांत गुंतलेले असतात, म्हणून अर्ज फेब्रुवारीत द्यावा. मुलांची नावे गावात बसून मिळणार नाहीत. जानेवारीत, गळीत ऐन भरात असताना, कारखान्याच्या तळावर जाऊन कोप्यांमधून फिरावे, आईबापांशी बोलावे, नावे लिहून घ्यावीत. संध्याकाळी सातनंतर जावे. त्याआधी कोपीत मोठे माणूस भेटत नाही.